पहिली पायरी कोणती?

परीक्षांचे निकाल लागू लागले, की या सदराकडे येणाऱ्या पत्रांची संख्या एकाएकी वाढते. यंदाही तसेच झाले. मुलगा बारावी झाला, कन्येने पदवी घेतली, आता सी. ए. व्हावे असे घरात ठरते आहे. तर सुरुवात अगदी तळापासून करावी की मधल्या पायरीवरून, असे विचारणारी पत्रे इंदूर, देवास, उज्जैन येथून आली, तशीच ग्वाल्हेर आणि बडोदे येथूनही आली. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचे उत्तर घाईने दिल्यास एखाद्या मुलाची वर्षे कशी वाया जातात, हे आम्ही जवळून पाहिले आहे; इतकेच नव्हे, तर त्यात आमचाही हात होता. म्हणून आज उत्तर देण्यापूर्वी एक कबुली द्यावयाची आहे.

२०२३ च्या उन्हाळ्याअखेर आमच्या एका वाचक-भगिनीचे पत्र आले. त्यांची कन्या बी. एस्सी. झाली होती. गणित हा तिचा आवडता विषय, गुण चौसष्ट टक्के. हिशेबाचे वेड तिला लहानपणापासून होते आणि सनदी लेखापाल व्हावयाचे तिने मनाशी ठरविले होते. आम्ही त्यांना लगोलग लिहिले, की पदवीधरास फाउंडेशनची परीक्षा देण्याचे कारण नाही, साठ टक्क्यांहून अधिक गुण असल्यामुळे इंटरमीजिएटला थेट नोंदणी होते, तेव्हा बारावीच्या मुलांबरोबर खालच्या वर्गात बसून वेळ दवडू नये. एवढे लिहून आम्ही मोकळे झालो. आमच्या परिचयाचा एक पदवीधर मुलगा दहा वर्षांपूर्वी याच मार्गाने गेला होता आणि आज उत्तम व्यवसाय करीत आहे, असाही दाखला आम्ही दिला होता.

नियम म्हणून ते उत्तर अचूक होते. सल्ला म्हणून ते चुकले. २०२४ च्या मे महिन्यात ती मुलगी दोन्ही गटांत अनुत्तीर्ण झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा बसली आणि पुन्हा अनुत्तीर्ण झाली. दिवाळीनंतर आईंचे दुसरे पत्र आले. त्यात तक्रारीचा एक शब्दही नव्हता. ‘तिने पुस्तके माळ्यावर टाकावयास सांगितली आहेत. आपल्याला हे जमणारे नव्हतेच, असे ती म्हणते. आपण एकदा तिच्याशी बोलाल का?’ एवढेच त्यांनी लिहिले होते.

आम्ही गेलो. रामबागेतले जुने, ओसरीचे घर. मुलीचे आजोबा कापड मार्केटातील एका पेढीवर चाळीस वर्षे हिशेब लिहीत होते; तेही ओसरीवर बसले होते. मुलीने माळ्यावरून वह्या काढून दाखविल्या. कंपन्यांचे एकत्रीकरण, लेखामानके, त्यांचे क्रमांक, सारे सुवाच्य अक्षरात लिहिलेले आणि पाठही केलेले. आळस हे कारण नव्हते, हे वह्या पाहताच कळले. मग आम्ही तिला एका काल्पनिक दुकानदाराचे महिनाभराचे पंधरा-वीस व्यवहार सांगितले आणि त्यांची रोजकीर्द, खतावणी व तेरीज करावयास सांगितले. तेरजेत नऊशे रुपयांचा फरक आला. तास गेला, तरी तो फरक तिला सापडेना. अखेर आजोबांनी चष्मा लावला आणि म्हणाले, ‘बाळ, फरकाला नवाने भाग जातो का, ते आधी बघ.’ जात होता. ‘मग आकडे उलटसुलट झाले असतील.’ शोधता शोधता खतावणीत ५,४३० च्या जागी ४,५३० पडलेले सापडले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, ‘आजोबा, हे मला कुणी शिकवलंच नाही.’

त्या दिवशी आम्हास आमची चूक उमगली. तिची बुद्धी कमी नव्हती, कष्टही कमी नव्हते. पाया घातलेला नसताना आम्ही तिला माडीवर चढविले होते.

आता हे असे का होते, ते नीट पाहू. सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या कायद्याने अस्तित्वात आली आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून तिचे कार्य सुरू झाले. त्याही पूर्वी, १९१८ मध्ये, मुंबईत लेखाशास्त्राची सरकारी पदविका सुरू झाली होती. ती घेऊन मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षे उमेदवारी केली, की लेखापरीक्षक होता येत असे. म्हणजे पुस्तकाचे ज्ञान आणि कचेरीतील उमेदवारी ही जोडी या विद्येत पहिल्यापासून आहे. आपल्या मराठी समाजास तर ती परकी नाहीच. मुजुमदार, फडणीस ही पदे ज्यांच्या आडनावांत अजून नांदतात, त्यांच्या पूर्वजांनी कीर्द आणि ताळेबंद याच रीतीने, वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून आत्मसात केले असले पाहिजेत.

आजच्या अभ्यासक्रमास तीन पायऱ्या आहेत: फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल. फाउंडेशन ही बारावीनंतरची परीक्षा. तिची नोंदणी दहावीनंतरही करता येते. परीक्षेस मात्र बारावी झाल्यावरच बसता येते. तिच्यात शंभर-शंभर गुणांच्या चार प्रश्नपत्रिका असतात: लेखाशास्त्र, व्यापारी कायदे, गणित-तर्क-संख्याशास्त्र यांची एक आणि अर्थशास्त्राची एक. पहिल्या दोन लिहावयाच्या, तर पुढल्या दोन पर्याय निवडावयाच्या असून त्यांत चुकीच्या उत्तरास पाव गुण कापला जातो. प्रत्येक विषयात ४० आणि एकूण ५० टक्के गुण मिळाले, तर विद्यार्थी उत्तीर्ण होतो.

दुसरा दरवाजा पदवीधरांसाठी आहे. वाणिज्य शाखेच्या पदवीधरास ५५ टक्के आणि इतर शाखांच्या पदवीधरास ६० टक्के गुण असतील, तर त्यास फाउंडेशनची सूट मिळून इंटरमीजिएटला थेट प्रवेश मिळतो. इंटरमीजिएटमध्ये सहा विषय, तीन-तीनांचे दोन गट. प्रत्येक विषयात ४० आणि गटात एकूण ५० टक्के हाच नियम येथेही आहे.

येथवर सारे सरळ आहे. अडचण पुढे आहे. मोठ्या भावाने किंवा काकांनी ज्या दरवाजाने प्रवेश केला, तो दरवाजा आज त्याच जागी उरलेला नाही. २००६ पासून काही वर्षे एका दिवसात उरकणारी, दोनशे गुणांची, पर्याय निवडावयाची प्रवेशपरीक्षा होती. २०१२ मध्ये पदवीधरांना थेट प्रवेश खुला झाला. २०१७ मध्ये ती एका दिवसाची परीक्षा जाऊन लेखी उत्तरांची फाउंडेशन आली. आणि २०२३ च्या जुलैपासून नवी योजना लागू झाली, तिने तर पायऱ्यांची मांडणीच बदलली.

या शेवटच्या बदलातील दोन गोष्टी आमच्या नजरेतून निसटल्या होत्या. पहिली अशी: जुन्या योजनेत थेट प्रवेश घेणाऱ्या पदवीधरास इंटरमीजिएटच्या परीक्षेपूर्वी नऊ महिने कचेरीत उमेदवारी करावी लागे. त्या नऊ महिन्यांत तो व्हाउचर तपासी, बँकेचे पासबुक आणि रोकड वही यांचा मेळ घाली, तेरीज जुळवी. ज्याने आयुष्यात कधी कीर्द पाहिलेली नाही, त्याचाही पाया या निमित्ताने कचेरीतच भरून निघे. आम्ही ज्या मुलाचा दाखला दिला होता, तो याच रीतीने तरला होता. नव्या योजनेत उमेदवारीची मुदत तीन वर्षांऐवजी दोन वर्षे झाली, आणि इंटरमीजिएटचे दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावरच ती सुरू होते. परीक्षेपूर्वी आता आठ महिन्यांचा अभ्यास आहे, कचेरी नाही.

दुसरी गोष्ट अशी: जुन्या इंटरमीजिएटमध्ये ‘लेखाशास्त्र’ आणि ‘प्रगत लेखाशास्त्र’ अशा दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका होत्या. नव्या योजनेत पहिली गेली आणि केवळ प्रगत राहिली. साधे लेखाशास्त्र फाउंडेशनमध्ये झालेले आहे, असे गृहीत धरले जाते. कायद्याचेही तसेच. कराराचा १८७२ चा कायदा, मालविक्रीचा १९३० चा, भागीदारीचा १९३२ चा, हे सारे फाउंडेशनमध्ये आटोपते. इंटरमीजिएटचा विद्यार्थी कंपनी कायद्याच्या दाट रानात उतरतो. तेव्हा विज्ञान शाखेची पदवीधर मुलगी थेट इंटरमीजिएटला गेली, म्हणजे तिची नुसती एक परीक्षा चुकत नाही. त्या परीक्षेत शिकविले जाणारे सारेच चुकते. नियमाने तिला परीक्षेची सूट दिली, ज्ञानाची सूट कोणी देऊ शकत नाही.

‘पण वेळ वाचतो ना?’ असे पालक विचारतात. आपण हिशेबाचीच गोष्ट करीत आहोत, तर हाही हिशेब मांडून पाहू. फाउंडेशनपासून निघणाऱ्यास चार महिने, इंटरमीजिएटचे आठ, उमेदवारीचे चोवीस आणि शेवटी फायनलच्या अभ्यासाचे सहा, मिळून बेचाळीस महिने लागतात. थेट प्रवेश घेणाऱ्यास अडतीस. कागदावरचा फरक चार महिन्यांचा. परीक्षेच्या ठरावीक तारखा आणि निकालाची वाट धरली, तर तो प्रत्यक्षात वाढतो, हे खरे. तरीही तो वर्षाच्या आतबाहेरच राहतो. उलट इंटरमीजिएटमध्ये एकदा अनुत्तीर्ण झाल्यास पुढील परीक्षेपर्यंतचे तीन-चार महिने जातातच, आणि दोनदा झाल्यास वाचविलेले सारे जाऊन वर पदरचे द्यावे लागते. त्यात मनाची जी पडझड होते, ती कोणत्या खात्यात नावे टाकावयाची?

याचा अर्थ प्रत्येकाने तळापासूनच सुरुवात करावी, असा मात्र नव्हे. उलट बाजूची चूकही आम्ही पाहिली आहे. आमच्याच परिचयातील एका गृहस्थांचा मुलगा बी. कॉम. ला सदुसष्ट टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाला. तीन वर्षे त्याने हिशेब मनापासून केले होते. परंतु वडील भित्रे. ‘आधी लहान परीक्षा देऊन पाहा, जमली तर पुढचे बघू,’ असे म्हणून त्यांनी त्यास फाउंडेशनला बसविले. एकवीस वर्षांचा मुलगा सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या वर्गात बसू लागला. जे येत होते, तेच पुन्हा ऐकू लागला. परीक्षा उत्तीर्ण झाला. पण तोवर त्याची भूक मेली होती. आज तो एका गोदामात हिशेब लिहितो. काम प्रामाणिक आहे, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण त्याची स्वतःची इच्छा वेगळी होती. घाईने जसे मुलाचे नुकसान होते, तसे अविश्वासानेही होते.

तेव्हा पायरी निवडताना गुणपत्रिका पुरेशी नाही. मुलास प्रत्यक्ष काय येते, ते पाहावे लागते. त्यासाठी घरच्या घरी करता येण्याजोगी एक चाचणी आम्ही सुचवितो. फाउंडेशनच्या लेखाशास्त्राची एखादी मागील प्रश्नपत्रिका आणि तिची उत्तरे संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. रविवारी सकाळी मुलास तीन तास एकट्याने बसवावे. पुस्तक नाही, फोन नाही, मध्येच चहाची हाक नाही. तपासणी बापाने करू नये, आईनेही करू नये. शेजारीपाजारी कोणी वाणिज्याचे शिक्षक वा निवृत्त लेखापाल असतील, त्यांस विनंती करावी. आपल्या प्रत्येक वस्तीत असे एखादे काका असतात आणि अशा विनंतीने ते सुखावतातच.

साठाहून अधिक गुण पडले, तर पदवीधराने निःशंकपणे इंटरमीजिएटला जावे. चाळीस ते साठ यांमध्ये पडले, तर नोंदणी इंटरमीजिएटची करावी. पण पहिले तीन महिने फाउंडेशनची लेखाशास्त्र आणि कायदा ही दोनच पुस्तके घेऊन बसावे. ती संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. इंटरमीजिएटची नोंदणी पाच वर्षे चालते, तेव्हा पहिल्याच संधीला परीक्षेस बसलेच पाहिजे, अशी सक्ती कोणी केलेली नाही. आणि चाळीसहून कमी पडले, तर लाज न बाळगता फाउंडेशनला नाव घालावे; पदवीधरासही ती देता येते. हे आकडे आमच्या अनुभवाचे आहेत, संस्थेच्या नियमाचे नव्हेत, हेही सांगून ठेवतो.

ज्यांना एवढीही सवड नसेल, त्यांनी मुलास एकच प्रश्न विचारावा. एका दुकानदाराने १ जानेवारीस बारा महिन्यांचे भाडे, २४,००० रुपये, एकदम देऊन टाकले. ३१ मार्चला त्याची वर्षाची वही बंद होते. तर या वर्षाचा भाड्याचा खर्च किती? जो मुलगा चोवीस हजार म्हणेल, त्यास पाया घालावयाचा आहे. जो सहा हजार म्हणेल, त्याचा अर्धा पाया घातला गेला आहे. आणि जो सहा हजार म्हणून पुढे आपण होऊन सांगेल, की उरलेले अठरा हजार ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूस दाखवावे लागतील, त्यास खुशाल वरच्या पायरीवर सोडावे.

बारावी होऊन लगेच येणाऱ्यांपुढे निवडीचा प्रश्न नसतो, त्यांना फाउंडेशनच. परंतु विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या मुलांनी चार महिन्यांच्या मुदतीवर विसंबू नये. ती अभ्यासाची किमान मुदत आहे. ज्याने अकरावी-बारावीला हिशेब केलेले नाहीत, त्याने ती दुप्पट धरावी, म्हणजे मन शांत राहते.

ज्या पदवीधरांचे गुण ५५ किंवा ६० टक्क्यांच्या खाली आहेत, त्यांची पत्रे फार खिन्न असतात. त्यांना आमचे सांगणे असे, की फाउंडेशनचा दरवाजा त्यांना उघडाच आहे. शिवाय याच विद्येची दुसरी शाखा आहे, परिव्यय लेखापालांची, जिला आज सी. एम. ए. म्हणतात आणि जुनी माणसे अजून आय. सी. डब्ल्यू. ए. म्हणतात. तिची संस्था १९५९ च्या कायद्याची असून मुख्य कचेरी कोलकात्यास आहे. तेथे ललितकला वगळता कोणत्याही शाखेच्या पदवीधरास टक्क्यांची अट न घालता इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो. आणि त्या इंटरमीजिएटमध्ये वित्तीय लेखाशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. कारखान्यात वस्तूचा खर्च कसा मोजावा, या प्रश्नात ज्याचे मन रमते, अशा अभियंत्यास वा विज्ञान-पदवीधरास हा मार्ग सी. ए. हून अधिक मानवण्याचा संभव आहे. तेथील इंटरमीजिएट उत्तीर्ण झालेल्यास पुढे सी. ए. च्या इंटरमीजिएटचाही थेट प्रवेश मिळतो. मात्र ती पळवाट समजून कोणी जाऊ नये. तिच्या इंटरमीजिएटला आठ विषय आहेत आणि तेही पचवावेच लागतात.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांपुढे आणखी एक पायरी असते, ती भाषेची. मुले घरी मराठी बोलतात, बाजारात हिंदी, आणि शाळा कोणाची इंग्रजी तर कोणाची हिंदी. सी. ए. ची परीक्षा इंग्रजी वा हिंदी, या दोनांपैकी एका भाषेत देता येते, मराठीत नाही. हिंदी माध्यमातून शिकलेल्या मुलांनी ‘आपल्याला हा अभ्यासक्रम बंद आहे’ असे समजू नये. पण निवड आरंभीच करावी. अर्धा अभ्यास हिंदीत आणि उरलेला इंग्रजीत, असे केले, की परीक्षेच्या खोलीत ऐन वेळी शब्द सापडत नाहीत. आपण ज्यास कीर्द म्हणतो, त्यास हिंदी पुस्तक रोजनामचा म्हणते आणि इंग्रजी पुस्तक जर्नल. आपली तेरीज ती तेथे तलपट होते, अन् इंग्रजीत ट्रायल बॅलन्स. वही एकच, नावे तीन. ज्या मुलास ही तिन्ही नावे एकाच वहीची आहेत हे कळते, त्याचा गोंधळ होत नाही. त्यासाठी मोठ्यांनी एवढेच करावे, की पुस्तकातला एखादा उतारा वाचून झाला, की मुलाकडून तो मराठीत समजावून घ्यावा. जे आईस समजावून सांगता येत नाही, ते स्वतःस समजलेले नसते.

पालकांस दोन शब्द स्पष्टपणे सांगितले पाहिजेत. पायरी चुकीची निवडली जाते, तिचे मूळ बहुधा मुलांत नसते, घरात असते. ‘पदवीधर होऊनही पुन्हा पहिलीत बसला’ असे कोणी म्हणेल, या भयाने वरची पायरी घेतली जाते. मुलीच्या बाबतीत तर ‘चोविशीच्या आत सारे आटोपले पाहिजे’ हा हिशेब कोणी न बोलता मांडलेला असतो. मद्रासच्या आर. शिवभोगम यांनी १९३३ मध्ये ही विद्या संपादन केली आणि त्या देशातील पहिल्या महिला लेखापाल ठरल्या. त्या काळी ती वाट किती अडचणींची असेल, याची कल्पनाच करावी. आज आपल्या मुलींस चार-सहा महिने अधिक द्यावयास आपला हात आखडू नये. पायाशी घालविलेला वेळ हा खर्च नव्हे. भाड्याच्या त्या अठरा हजारांप्रमाणे तो पुढील वर्षांच्या नावे जमा असतो.

रामबागेतील त्या मुलीचे पुढे काय झाले, हे विचारावयाचा वाचकांस अधिकार आहे. आम्ही तिची आणि तिच्या आईची क्षमा मागितली. आईंनी चहा दिला, तो आम्ही खाली मान घालून घेतला. पुस्तके त्याच दिवशी माळ्यावरून खाली आली. पण इंटरमीजिएटची पुन्हा माळ्यावरच गेली आणि फाउंडेशनच्या लेखाशास्त्राचे पुस्तक आले. संध्याकाळी दिवेलागणीनंतर आजोबा आणि नात ओसरीवर बसत. आजोबा जुन्या पेढीवरचे व्यवहार आठवून आठवून सांगत, नात कीर्द लिही. फरक दोनने भागला जात असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद उलट बाजूस गेली आहे का ते पाहावे, घसारा धरावयाचा विसर पडला आहे का ते पाहावे, असे किती तरी बारकावे तिच्या वहीत आले. तीन महिने हे चालले. नंतर माळ्यावरची पुस्तके उतरली. २०२५ च्या मे महिन्यात तिने केवळ पहिल्या गटाची परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. आईंनी ते कळविताना खाली लिहिले होते, की दुसऱ्या गटाचे डोंगर अजून उभेच आहेत. मात्र हल्ली आजोबाच नातीकडून वस्तू व सेवा कर समजावून घेतात, आणि तिने सांगितलेले पटले नाही, तर तिच्याशी वाद घालतात.

असो. यापुढे ज्यांना या सदराकडे सी. ए. विषयी विचारावयाचे असेल, त्यांनी पत्रात मुलाचे टक्के अवश्य लिहावेत. पण त्याखाली आणखी एक ओळ लिहावी: मुलास तेरीज जुळविता येते काय, आणि न जुळल्यास फरक शोधता येतो काय. त्या ओळीवाचून आम्ही यापुढे कोणासही पायरी सुचविणार नाही.